चोवीस तास

माझ्या आतेबहिणीचे कानाजवळचे केस सत्ताविसाव्या वर्षीच पांढरे झालेत, आणि ती ते रंगवू शकत नाही. अकाली पिकणं आमच्या घराण्यातच आहे, त्यात नवल नाही. आजीचं डोकं तिशीतच पांढरं झालं होतं, बाबांचंही. पण बाबा महिन्यातून एकदा रविवारी सकाळी बनियनवर बसून वाटीत काळा रंग कालवतात आणि प्रश्न मिटतो. बहिणीचा मिटत नाही. गेल्या दिवाळीत एका लांबच्या मावशीनं फराळ करता करता तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं, बघायला येतात ना आता लोक, काहीतरी लाव की डोक्याला." ती म्हणाली, "मला सहन होत नाही, मावशी." मी समोरच बसलो होतो. हातातली चकली मी बराच वेळ बघत राहिलो.

तिला सहन होत नाही हे कळलं ते माझ्यामुळे, २०१२ च्या मे महिन्यात. तेव्हा मी १६ वर्षांचा होतो आणि ती १४ ची. त्यात माझा दोष किती, हा प्रश्न मी तेरा वर्षं अधूनमधून काढून बघतो आणि परत ठेवून देतो. या वर्षी तो ठेवून देता आला नाही. त्याचं कारण ऑफिसातलं आहे, ते पुढे येईल.

आम्ही तेव्हा पावण्यात राहायचो. नवी मुंबईबाहेरच्यांना हे नाव माहीत असायचं कारण नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यानं जाताना एका बाजूला कोपरखैरणे-वाशीच्या इमारती दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, पारसिकच्या डोंगरापर्यंत, एमआयडीसी. त्या कारखान्यांच्या मधे गाव अडकलंय ते पावणे. मूळचे लोक आगरी-कोळी, आणि त्यांनी बांधलेल्या खोल्यांत आमच्यासारखे भाडेकरू, कुणी सातारचे, कुणी जुन्नरचे, कुणी उत्तरेतले. बाबा तिथल्याच एका कंपनीत ऑपरेटर होते. कापडाचे रंग ज्या रसायनांपासून बनतात ती मधली रसायनं तिथे व्हायची. बाबांच्या टॉवेलचा रंग दर आठवड्याला वेगळा असायचा. आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची. रात्री वारा पडला की कधी कुजक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशसारखा वास यायचा, आणि तो कुठून येतोय यावर पोरांच्या पैजा लागायच्या. सांगायचा मुद्दा, रसायन ही गोष्ट आमच्यासाठी पुस्तकातली नव्हती. ती घरातली होती, आणि घरातल्या गोष्टीची भीती वाटत नाही.

त्या मेमध्ये काकाच्या मोठ्या मुलाचं लग्न होतं. हळद शुक्रवारी, कोपरखैरण्याला, डीजेसकट. बहिणीला हळदीला तपकिरी बटा हव्या होत्या. पार्लरचा खर्च आत्या करणार नव्हती आणि परवानगी तर मुळीच देणार नव्हती. बुधवारी दुपारी सगळ्या बायका बांगड्या भरायला काकाकडे गेल्या आणि बहीण आमच्या खोलीवर आली. माझी दहावी नुकतीच झाली होती, विज्ञानात चांगले मार्क पडतील अशी घरभर हवा होती. म्हणून मी.

मेडिकलमधून जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. ते रंग घालवतं एवढं मला माहीत होतं. जुन्या टूथब्रशनं चार बटांना लावलं आणि तिला गच्चीवर उन्हात बसवलं. ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं माहीत असेल. काळ्या केसातलं रंगद्रव्य जाताना एकदम जात नाही, आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळं असे टप्पे लागतात. आम्ही नारिंगीवर अडकलो. गंजलेल्या पत्र्यासारखे चार पट्टे, त्यातले दोन मुळापासून सुरूच झाले नव्हते. ती आरशात बघून आधी हसली आणि मग रडायला लागली. साडेतीन वाजले होते. बायका सहापर्यंत येणार.

तेव्हा मी खाली जाऊन वाण्याकडून केसांच्या काळ्या रंगाची पुडी आणली. पाण्यात कालवायची काळी पूड. काळं करून टाकू, कुणाला कळणारही नाही. पुडीसोबत घडी घातलेला एक कागद होता. बारीक अक्षरांत, इंग्रजी, हिंदी आणि मराठीत. मी तो वाचला. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावा, चोवीस तास थांबा, खाज किंवा लाली आली तर वापरू नका. तिनं विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "काही नाही गं, कसं लावायचं ते." आणि कागद खिशात घातला.

मग म्हटलं, "लावू ना?" ती म्हणाली, "लाव."

हातमोजे नव्हते. मी दुधाच्या रिकाम्या पिशव्या हातांना बांधल्या, त्यातली उजवी फाटली.

*

रात्री तिला खाज सुटली. गुरुवारी सकाळी कपाळ आणि कानांच्या पाळ्या सुजल्या. शुक्रवारी, हळदीच्या दिवशी, तिचे दोन्ही डोळे उघडत नव्हते आणि टाळूवरून पाणी येत होतं. वाशीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, याआधी कधी काळी मेंदी लावली होती का? लावली होती. आदल्या वर्षी गावच्या जत्रेत, कोनातून, दहा मिनिटांत रंगणारी. नंतर ती नक्षी तिच्या हातावर फोडांनी उठून आली होती. ती मीही पाहिली होती, चिडवलंही होतं. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस येतो. ती काळीकुट्ट व्हावी म्हणून तिच्यात अनेकदा केसांच्या रंगातलंच एक द्रव्य मिसळतात, पॅराफेनिलिनडायअमिन, थोडक्यात पीपीडी.

पीपीडीची युक्ती सुंदर आहे, हे मला इंजिनिअर म्हणून मान्य करावंच लागतं. त्याचा रेणू छोटा आणि जवळजवळ रंगहीन. तो केसाच्या आत शिरतो. तिथे ऑक्सिडीकरण झालं की असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, रंग धरतात, आणि आकारामुळे बाहेर येऊ शकत नाहीत. म्हणून रंग धुतला जात नाही. पण जोडला न गेलेला छोटा रेणू कातडीतही तितक्याच सहज शिरतो. काहींच्या शरीराला तो शत्रू वाटतो. एकदा वाटला की पेशी तो लक्षात ठेवतात, बहुधा जन्मभर. पहिल्या वेळी नुसती ओळख होते, हल्ला पुढच्या वेळी. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या एका संघटनेनं २००६ साली पीपीडीला त्या वर्षीचा 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून निवडलं होतं. ऐकायला पुरस्कारासारखं वाटतं.

टाळूवरच्या जखमांना औषध लावता यावं म्हणून आत्यानं तिचे केस कापले. कंबरेपर्यंतचे होते. कात्री शिवणाची होती आणि आत्या रागात होती, त्यामुळे जे झालं त्याला बॉयकट म्हणणं उदारपणा ठरेल. कापताना आत्यानं तिसऱ्यांदा विचारलं, "कुणी लावलं हे?" बहीण म्हणाली, "मीच लावलं, माझं मी." मी दारात उभा होतो.

संध्याकाळी मी बाबांना पाणी दिलं. त्यांनी पेला घेतला आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. तीन बोटं आणि नखांच्या कडा काळ्या होत्या. मी ती दोन दिवस खिशात घालून हिंडत होतो. बाबांनी वीस वर्षं रंगात काढली होती, कुठला डाग कशाचा हे त्यांना सांगावं लागत नसे. ते म्हणाले, "कातडीचा चार-पाच दिवसांत जाईल. नखातला राहतो. लिंबू घासू नकोस, काही उपयोग नाही." आणि टीव्ही लावला.

*

अठरा वर्षांच्या एका मुलाची गोष्ट रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आवर्जून असते. विल्यम हेन्री पर्किन, १८५६, ईस्टरची सुट्टी, लंडनमधल्या घरातली कामचलाऊ प्रयोगशाळा. तो मलेरियावरचं क्विनीन बनवायला गेला आणि हाती आला काळा चिखल. तो अल्कोहोलनं साफ करताना जांभळा रंग दिसला. त्यातून कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला. पावण्यातल्या त्या कंपनीची, आणि पर्यायानं माझ्या शाळेच्या फीची, वंशावळ सुट्टीत घरी फसलेल्या त्या प्रयोगापर्यंत जाते. ही गोष्ट ऐकून पोरांना प्रयोग करावासा वाटतो, आणि वाटावाच. मात्र पर्किननं आपला रंग रेशमावर लावून बघितला होता. बहिणीवर नाही. आमच्या धंद्यात चाचणी न करता थेट ग्राहकाच्या यंत्रणेवर बदल चढवणाऱ्याला जे शब्द ऐकवले जातात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

माझा पहिला बचाव अर्थात हाच होता, की तिनं 'लाव' म्हटलं होतं. केस तिचे, डोकं तिचं, हट्ट तिचा. मी फक्त हात.

हा बचाव दिसतो तितका पोकळ नाही. स्वतःच्या शरीरावर माणसाचा स्वतःचा अधिकार, हे मानायला जगाला फार वेळ लागला, आणि बाईच्या केसांच्या बाबतीत आपल्याकडे तर अजून पुरतं मानलेलं नाही. मिलनं १८५९ साली 'ऑन लिबर्टी'त हा अधिकार मांडला आणि लगेचच पुढे मुलांना त्यातून वगळलं. तिथे मी अडकतो. चौदाव्या वर्षीचा होकार हा होकार नव्हेच, असं म्हटलं तर तिच्या त्या दुपारच्या इच्छेला काही किंमत उरत नाही. आणि मीही सोळाच वर्षांचा, म्हणजे माझ्या कृत्यालाही उरत नाही. दोन अज्ञान बालकं, एक पुडी, प्रकरण बंद. हे फारच सोयीचं आहे.

वय बाजूला ठेवू. तिनं होकार कशाला दिला? कागदावर जे लिहिलं होतं त्याला नाही, कारण ते तिला मी सांगितलंच नाही. तिनं होकार दिला माझ्या 'काही नाही गं'ला. ज्याच्या शब्दावर होकार उभा आहे, त्याच्या अंगावर तो होकार परत येतो. मी नुसता हात नव्हतो.

याच वर्षी ऑफिसात मला एक काम आलं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या कुणाचीही माहिती वापरायची तर पालकांची, पडताळून बघता येईल अशी संमती लागते. त्यासाठीची स्क्रीन बनवायची होती. बैठकीत तासभर चर्चा झाली ती 'मला मान्य आहे' हे बटण कुठे ठेवलं तर लोक कमी गळतील याची. मजकूर कुणी वाचेल असं त्या खोलीत कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. मजकूर असायला हवा होता, एवढंच. मला एकदम तो घडीचा कागद आठवला.

त्या कागदाचा इतिहास मी नंतर शोधला. १९३३ च्या सुमाराला अमेरिकेत पापण्यांना लावायचा 'लॅश ल्युअर' नावाचा पीपीडीयुक्त रंग मिळायचा. त्यानं एका बाईची दृष्टी गेली, आणि एक बाई मेलीसुद्धा. या प्रकरणांचा १९३८ च्या नव्या कायद्याला मोठा रेटा मिळाला. त्या कायद्यानं धोकादायक सौंदर्यप्रसाधनांवर कारवाई करायची सोय केली, पण कोळशाच्या डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या रंगांना वगळलं. अट एवढीच, की वेष्टनावर इशारा आणि आधी चाचणी घेण्याची सूचना छापायची. आपल्याकडे १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतही जवळपास तोच इशारा आला, इंग्रजीबरोबर स्थानिक भाषांतही छापायच्या अटीसह. युरोपात आता असे रंग १६ वर्षांखालच्यांसाठी नाहीत असंही लिहावं लागतं. म्हणजे वस्तू विकायची, आणि जोखमीची जबाबदारी एका घडीच्या कागदावर लिहून घेणाऱ्याकडे सरकवायची. बनवणाऱ्यानं ती कागदाकडे सरकवली, कागदानं माझ्याकडे, मी बहिणीकडे. या साखळीत माझी जागा फार खालची आहे असं म्हणून मला सुटता येईल. पण साखळीत कागद प्रत्यक्ष वाचलेला माणूस मी एकटाच होतो.

इथे एक गोष्ट आठवते. तुलना ओढूनताणून आहे, कबूल. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं, विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. तोपर्यंत न्हावी म्हणजे निव्वळ हात. ठरवणारं घर, सांगणारा धर्म, आणि विचारलंच तर बाईही तयारच आहे असं सांगायला कुणीतरी असणार. वस्तरा धरणाऱ्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी ते दिलं. माझ्या हाती वस्तरा नव्हता, टूथब्रश होता, आणि माझ्यावर कुठल्याही घराचा दबाव नव्हता. एक 'थांब' पुरला असता.

*

आता हिशेब नीट करायचा तर एक गोष्ट माझ्या बाजूनं जाते. बहिणीचं शरीर पीपीडीवर उलटलं ते बहुधा जत्रेतल्या मेंदीनं. मी नसतो तर पुढे एखाद्या पार्लरमध्ये ते कळलंच असतं. केस रंगवायची वाट तिला तशीही बंद होती. म्हणजे आजचे पांढरे केस माझ्या खात्यावर नाहीत. कागदाचं ऐकलं असतं तर तिला हेच कळलं असतं, फक्त कोपरावरच्या रुपयाएवढ्या लाल डागातून. सुजलेला चेहरा, हुकलेली हळद आणि ते केस, एवढाच फरक माझा.

एवढाच? डेरेक पारफिटनं 'रीझन्स अँड पर्सन्स' या १९८४ च्या पुस्तकात एका मुलाचं उदाहरण घेतलंय. तो सिगारेट ओढायला लागतो. पन्नास वर्षांनी त्रास होईल हे त्याला माहीत आहे, पण फारसं काही वाटत नाही. पारफिट म्हणतो, त्या मुलाचं त्या म्हाताऱ्याशी नातं इतकं पातळ आहे की हे स्वतःचं नुकसान न मानता दुसऱ्याचं केलेलं नुकसान मानावं. मला हे बहिणीपेक्षा माझ्यालाच जास्त लागू वाटतं. दारात गप्प उभ्या राहिलेल्या सोळा वर्षांच्या मुलानं माझ्यावर काहीतरी लादलं. पुढे तो इंजिनिअर झाला, कमवायला लागला, सगळ्यांचा लाडका राहिला. बहीण मात्र घरात 'उपद्व्यापी' ठरली. तिला सायन्सला जायचं होतं. आत्या म्हणाली, हिच्या हाती रसायनं नकोत. अर्धं थट्टेत, पण ती गेली कॉमर्सलाच. हे माझ्या खात्यावर आहे, आणि ते पुडीमुळे नाही, गप्प राहण्यामुळे आहे. दोन्ही वेळा तिचा शब्द माझ्या सोयीचा होता, एकदा 'लाव', एकदा 'मीच लावलं'.

त्या बटणाच्या बैठकीनंतरच्या रविवारी मी तिला कोपरखैरणे स्टेशनवर भेटलो. तिला ठाण्याला जायचं होतं. फलाटावरच्या बाकावर बसून मी हे सगळं सांगितलं. बरीच तयारी केली होती. माफी मागितली. आत्यालाही सांगतो म्हटलं.

ती वैतागली. म्हणाली, "दादा, तुला वाटतं मी तुला वाचवायला खोटं बोलले?"

"मग?"

"मला केस रंगवायचे होते. मी पेरॉक्साइडचे पैसे दिले होते, आठवतंय? तू लावलंस म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, बिचारी, ह्यानं हिला नादाला लावलं. माझं मी केलं म्हटलं तर निदान ओरडा तरी माझा." थोडं थांबून म्हणाली, "आणि सायन्स मला गणितामुळे नाही मिळालं."

मला हलकं वाटायला हवं होतं. उलट लाज वाटली. तेरा वर्षं मी तिला माझ्या गुन्ह्यातली बळी करून ठेवली होती, तिला न विचारता. तिची ती एक दुपारसुद्धा मी स्वतःकडे ठेवून घेतली होती. पण कागदाचं अजून सांगायचं होतं, आणि ते तिला खरंच माहीत नव्हतं.

मी सांगितलं. कागद होता, मराठीतही होता, मी वाचला आणि खिशात घातला.

ती काही बोलली नाही. समोर पनवेलकडे जाणारी गाडी येऊन गेली.

"काय लिहिलं होतं?"

"कोपराला लावून थांबायचं."

"किती?"

"चोवीस तास."

तिनं बोटांवर मोजलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

"म्हणजे वेळ होता," ती म्हणाली.